एक जुलैची बॅटरी

कुलदीप निमगडेचा वाढदिवस एक जुलैला असतो, आणि तो जन्मलाही एक जुलैलाच आहे. यातली दुसरी गोष्ट त्याला आयुष्यभर वेगळी सांगावी लागली.

कारण चंद्रपूर-गडचिरोलीकडे एक जुलै ही जन्मायची तारीख नव्हेच, ती शाळेत नाव घालायची तारीख आहे. ज्याच्या आईबापाला तारीख सांगता आली नाही, त्याला गुरुजींनी एक जुलै दिली. काही गुरुजी एक जून देत, तेवढाच काय तो फरक. त्यामुळे कोणी 'एक जुलै' म्हटलं की ऐकणारा समजूतदारपणे मान हलवतो आणि पुढे काही विचारत नाही. कुलदीपला त्या मान हलवण्याची चीड होती.

त्याचा जन्म घुग्घुसचा, दवाखान्यातला. बाप श्रावण निमगडे कोळसा खाणीत डंपर चालवायचा. पोरगा झाल्याचा निरोप त्याला खाणीत मिळाला, तसाच तो काळ्या तोंडानं दवाखान्यात धावला. नर्सबाईनं त्याला दारातच अडवलं आणि आधी आंघोळ करून यायला सांगितलं. तो आंघोळ करून आला तोवर पोरगा झोपला होता, आणि नर्सबाईनं झोपलेलं पोर उचलू दिलं नाही. ही हकीकत श्रावणभाऊ दर एक जुलैला सांगायचे आणि कुलदीपची आई सत्यशीलाबाई दर वर्षी म्हणायच्या, "पण तारीख तं पक्की हाये ना." त्या अंगणवाडीसेविका. गावातल्या पोरांच्या जन्मतारखांचं काय होतं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून आपल्या पोराच्या तारखेचा त्यांना अभिमान होता. तोच पोरात उतरला.

शाळेत मात्र या अभिमानाची कदर झाली नाही. एक जुलै म्हणजे कृषी दिन. सगळ्या शाळेत झाडं लावायची. कुलदीपनं आपले बहुतेक वाढदिवस हातात सागाचं नाहीतर करंजाचं रोप धरून, रांगेत उभं राहून काढले. वर्गात त्याच्यासोबत आणखी बऱ्याच पोरांचा वाढदिवस असायचा. गुरुजी सगळ्यांना एकदम उभं करून टाळ्या वाजवायला लावत. कुलदीप म्हणायचा, "गुर्जी, मायावाला खरा हाये." गुरुजी म्हणायचे, "हाव बेटा, सगळ्यायचाच खरा हाये. बस खाली."

बेसबॉल त्याच्या आयुष्यात आला तो उराडे सरांमुळे. उराडे सर शाळेत व्यायाम शिकवायचे आणि हिशेबी माणूस होते. कबड्डीत उतरलं तर जिल्ह्याबाहेर पडतानाच दम निघतो. क्रिकेटचं तर नावच काढू नये. बेसबॉल खेळणारे जिल्हे मोजके, म्हणजे दोन सामने जिंकले की पोरगा राज्याला, राज्य खेळला की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की सरकारी नोकरीत खेळाडूंच्या जागेवर हक्क. सरांनी हे सगळं पोरांना फळ्यावर काढून समजावलं. खेळाचे नियम नंतर सांगितले.

कुलदीप ठेंगणा, रुंद आणि चिवट होता. त्याला कॅचर केलं. कॅचर म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसणारा गडी. पिचर चेंडू फेकतो, तो फलंदाजानं सोडला की यानं झेलायचा. पण खरं काम त्याआधीचं. कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर मांड्यांच्या मधे बोटं दाखवून पिचरला सांगतो. एक बोट म्हणजे सरळ वेगाचा, दोन म्हणजे वळणारा, चार म्हणजे हळू. पिचरला पटलं तर तो मान खाली करतो, नाही पटलं तर आडवी हलवतो. या जोडीला बेसबॉलमध्ये बॅटरी म्हणतात. श्रावणभाऊंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग सेल कोन?"

इसरू हिचामी कुलदीपला पहिल्यांदा दिसला तो विभागाच्या स्पर्धेत, चंद्रपूरच्या मैदानावर. तो धानोरा तालुक्यातल्या आश्रमशाळेच्या संघाचा डावखुरा पिचर. उंच, वाळका, मिशी नुकती फुटलेली. फार बोलायचा नाही. घरची भाषा गोंडी, मराठी शाळेतली, आणि दोन्हीत त्याचं बोलणं सारखंच थोडं. त्यानं टाकलेला वळणारा चेंडू पाहून कुलदीप आपल्या फलंदाजाला म्हणाला, "हे सोडून दे. हे मले बी समजलं नाई." चंद्रपूर हरलं.

सामन्याआधी पंचांनी खेळाडूंचं वय तपासलं होतं. आश्रमशाळेच्या संघात सगळ्यांची तारीख एक जुलै. पंच वाचत गेले आणि शेवटी त्यांनी वाचणंच सोडून दिलं. मग चंद्रपूरच्या संघात कुलदीपचा कागद आला तेव्हा त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "तू पण आश्रमशाळेचाच का?"

"नाई सर. मी खरंच त्या दिवशी जलमलो."

पंचांनी समजूतदारपणे मान हलवली.

इसरू बाजूला उभा होता. त्यानं कुलदीपकडे नीट पाहिलं. पुढे राज्याच्या संघात दोघं एकत्र आले, एकाच खोलीत राहिले, आणि मैदानावर एकमेकांना न बोलता कळायला लागले. इसरूसारख्या न बोलणाऱ्या माणसाला तोच एक खेळ मानवत होता. कुलदीप दोघांच्या वाट्याचं बोलायचा.

दोघं विशीच्या पुढे गेले आणि दख्खन बेसबॉल लीग निघाली. पगार देऊन बेसबॉल खेळवणार, हे उराडे सरांनासुद्धा आधी खरं वाटलं नाही. त्यांच्या फळ्यावर हे कधी नव्हतं. नागपूरच्या काही व्यापाऱ्यांनी 'वैनगंगा वॉरियर्स' नावाचा संघ घेतला. त्यात इसरू आणि कुलदीप दोघं घेतले गेले. प्रत्येक संघात दोन खेळाडू तेविशीच्या आतले पाहिजेत असा लीगचा नियम होता. त्या दोन जागा यांनीच भरल्या. दोघांचं जन्मवर्ष कागदावर एकच होतं, तारीख तर होतीच.

संघाच्या प्रसिद्धीचं काम निकेश नावाच्या नागपुरी तरुणाकडे होतं. पावसाळ्यात नागपूरला संघाचं शिबिर भरलं, तेव्हा निकेशच्या लक्षात आलं की पिचर आणि कॅचर एकाच दिवशी, एकाच साली जन्मले. त्याला इतका आनंद झाला की त्यानं स्वतः जाऊन केक आणला. 'एक वाढदिवस, एक बॅटरी' असं त्यावर लिहून घेतलं. मोबाइल लावला, दोघांना शेजारी बसवलं.

"इसरू, तू लहानपणी पाखरांना दगड मारून नेम शिकलास का?" निकेशनं विचारलं.

"नाई," इसरू म्हणाला. "शाळेत शिकलो. चेंडूनं."

निकेश कुलदीपकडे वळला. "एकाच दिवशी दोघं जन्मले, म्हणजे नशिबाचीच गोष्ट ना?"

आता कुलदीपनं तोंड मिटून केक खायला हवा होता. पण इतकी वर्षं आत साचलेली गोष्ट, समोर कॅमेरा. तो हसत म्हणाला, "नशीब गिशीब काई नाई. मायावाला एक जुलै खरा हाये, याचावाला सरकारी."

निकेश हसला. पाठीमागचे चारजण हसले. इसरूनं केकचा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिला. व्हिडिओ भरपूर फिरला. घुग्घुसच्या पानठेल्यावरसुद्धा लोक म्हणायला लागले, "खरा एक जुलै चालला पहा." कुलदीपला पहिल्यांदा वाटलं की आपली तारीख लोकांना पटली.

सामने हैदराबादला, हिवाळ्यात सुरू झाले. वॉरियर्स बरे खेळत होते, म्हणजे इसरू बरा खेळत होता. त्याचा वळणारा चेंडू अजून कोणाला समजला नव्हता. तेव्हा एका विरोधी संघानं लीगकडे तक्रार दिली. वॉरियर्सचा पिचर तेविशीच्या आतला आहे याचा भरवसा नाही, त्याची जन्मतारीख बनावट आहे, आणि हे त्याच्याच संघातल्या खेळाडूनं जाहीरपणे सांगितलं आहे. पुरावा म्हणून व्हिडिओ जोडला होता.

कोचनी दोघांना बोलावलं. कोच पंजाबचे, त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि हिंदीत विचारलं, "सरकारी मतलब?"

कुलदीपनं समजावून सांगितलं. जितकं समजावलं तितकं ते वाईट ऐकू येत गेलं.

चौकशी होईपर्यंत इसरूनं खेळायचं नाही, असं ठरलं. त्याचा दाखला खरा निघाला नाही तर वॉरियर्सनी जिंकलेले सामने जाणार, आणि इसरू जन्मभरासाठी जाणार. कुलदीपनं इसरूला खोलीत गाठलं. "भाऊ, मी गंमत केली होती."

"हाव," इसरू म्हणाला.

"तुले राग आला का?"

"नाई."

पण दुसऱ्या दिवशी सरावाला कुलदीपनं एक बोट दाखवलं, तर इसरूनं मान आडवी हलवली. दोन दाखवली, आडवी. चार दाखवली, आडवी. मग इसरूनं जो टाकायचा तो टाकला. कुलदीपला कुठला येतोय ते कळत नव्हतं, आणि न कळता झेललेला चेंडू हाताला वेगळा लागतो. संध्याकाळपर्यंत त्याचा तळवा सुजून लाल झाला. त्यानं बर्फ लावला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

संघानं आधी डॉक्टरकडे नेऊन पाहिलं. डॉक्टरनी मनगटाचा एक्सरे काढला आणि सांगितलं, हा माणूस मोठा झालेला आहे. एवढं तर कोचनाही दिसत होतं. विशीनंतर हाड वय सांगत नाही, असं डॉक्टर म्हणाले. शेवटी लीगनं आईचं प्रतिज्ञापत्र मागितलं. इसरूचे वडील तो शाळेत असतानाच वारले होते. इसरू गावी निघाला तेव्हा स्टेशनवर कुलदीप पिशवी घेऊन उभा होता.

"तू काऊन येऊन राह्यला?"

"कागद लिहाले कोनी पायजे ना."

इसरूनं नको म्हटलं नाही. हैदराबाद ते बल्लारशा दोघांत फक्त एक पाण्याची बाटली इकडून तिकडे फिरली. पुढे बस, मग दुसरी बस, मग धानोऱ्याहून कोणाच्या तरी मोटरसायकलवर तिघं. रस्ता जिथे संपला तिथून ते चालत गेले.

इसरूची आई बुधरी धानाच्या चुरण्यावर, म्हणजे मळणीवर होती. अंगणाबाहेर कापलेल्या धानाची गंजी, म्हणजे पुंजणं रचलेलं, अंगणात बैल गोल फिरत होते. तिनं लेकाला पाहिलं, त्याच्या हातात बैलांचा दोर दिला आणि स्वतः कुलदीपसाठी पाणी आणायला गेली. कुलदीप पाणी प्याला, त्यानं वही काढली आणि आल्याचं कारण सांगितलं. बुधरीला मराठी समजत होती पण ती उत्तर गोंडीत देई. इसरू बैलांमागे फिरता फिरता मराठी करून सांगे, त्यामुळे प्रत्येक वाक्य अंगणाच्या वेगळ्या कोपऱ्यातून यायचं.

"बाई, इसरू कवा जलमला?"

बुधरीनं सांगितलं, उन्हाळ्यात मोहाची फुलं पडत होती तेव्हा. ती पहाटे मोह वेचायला गेली होती. टोपली अर्धी झाली तेव्हा कळा सुरू झाल्या. जाऊ सोबत होती. पोर झालं, मग जावेनं दोघींची टोपली डोक्यावर घेतली, बुधरीनं पोर घेतलं आणि दोघी घरी आल्या. त्या साली मोह फार चांगला पडला होता.

"कोनतं साल?"

बुधरीनं विचार केला. त्या साली गावाला रस्ता झाला होता.

कुलदीपनं पेन उचललं. रस्त्याचं साल तर कुठेही सापडेल.

त्याच साली तो वाहून गेला, असं ती पुढे म्हणाली. शेजारचे पोचूभाऊ हे ऐकत बसले होते. त्यांनी सांगितलं की रस्ता दोनदा झाला आणि तीनदा वाहून गेला.

"असं कसं होईल, भाऊ?" कुलदीप म्हणाला. "तीनदा वाह्याले तीनदा तं झाला पायजे."

"एकदा नुसता कागदावर झाला होता," पोचूभाऊ म्हणाले. "तो बी वाहून गेला मनून लिवलं."

यातला कुठला रस्ता बुधरीच्या आठवणीतला, हे ठरेना. पोचूभाऊंच्या मते इसरू त्यांच्या मुलाच्या एक पावसाळा आधीचा. मुलाची तारीख विचारली तर तीही एक जुलै निघाली.

"मंग एक जुलै कोनं देल्ला?" कुलदीपनं विचारलं.

बुधरी इथे थोडी हसली. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी इसरूला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगितला. हात कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं. इसरूचा हात पोचला. त्याच्या पुढच्या पोराचा हात पोचेना, तर त्याच्या आईनं मागून त्याची मान वाकवली, मग त्याचाही पोचला. गुरुजी दोघांना सहा वर्षं म्हणाले. हे सांगताना तिनं स्वतःचा हात डोक्यावरून कानाला लावून दाखवला. पोचूभाऊंनीही लावून पाहिला.

कुलदीपच्या वहीत बरंच लिहून झालं होतं, पण त्यात लीगला देण्यासारखी तारीख एकही नव्हती. त्यानं वही मिटली. दुपारी इसरूनं बैल सोडले आणि दोघं पुंजण्याच्या सावलीला बसले. कुलदीपनं परत विचारलं, "तुले राग तं आला हाये. सांग ना."

इसरूनं धानाची एक काडी उचलून मोडली. मग म्हणाला, "तारीख सरकारी हाये, ते खरंच हाये. त्याचा राग नाई."

"मंग?"

"तू म्हनला, मायावाला खरा. सगळे हासले." त्यानं काडी टाकली. "मी बी खराच जलमलो."

कुलदीपला शाळेतले ते टाळ्यांचे वाढदिवस आठवले. खाली बसताना आपण बाजूच्या पोरांकडे ज्या नजरेनं पाहायचो तीही आठवली. ती पोरं काही बोलायची नाहीत. त्याला वाटायचं, यांना काय, यांना फरक पडत नाही.

"चुकलो मी," तो म्हणाला.

"हाव," इसरू म्हणाला. मग त्यानं सांगितलं, "हात दाखव."

कुलदीपनं सुजलेला तळवा पुढे केला. इसरूनं तो उलटासुलटा करून पाहिला, आत गेला आणि आईकडून मोहाचं तेल आणलं. "चोळ," म्हणाला. दुसऱ्या दिवशी धानोऱ्याला जाऊन त्यांनी बुधरीचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. त्यात मोह, टोपली आणि रस्ता सगळं आलं. लिहिणाऱ्यानं विचारलं की यात तारीख कुठे आहे. कुलदीप म्हणाला, "बाईनं जेवढं सांगतलं तेवढंच लिवा."

चौकशीला समितीपुढे दोघं गेले. अध्यक्ष वासेकर साहेब म्हणून होते, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे ब्रह्मपुरीकडचे. तरुणपणी विद्यापीठाच्या संघातून बेसबॉल खेळलेले, म्हणून लीगनं त्यांना पगार देऊन बसवलं होतं. तक्रार करणाऱ्या संघाचे व्यवस्थापक समोरच्या खुर्चीवर होते.

कुलदीपनं आधी बोलायची परवानगी मागितली. "साहेब, चूक मायावाली हाये. मी कॅमेऱ्यासमोर मोठेपना केला. इसरूनं कुठलाच कागद खोटा केला नाई. तो पहिलीत होता. जे गुर्जीनं देल्लं ते त्यानं घेतलं, जसं मी मायं घेतलं."

वासेकर साहेबांनी इसरूकडे पाहिलं. "तुझा जन्म नेमका कधीचा?"

"साहेब," इसरू म्हणाला, "मी तेव्हा लहान होतो."

साहेबांनी शेजारच्या बाबूला हे लिहून घ्यायला सांगितलं. बाबूनं लिहून घेतलं.

मग त्यांनी बुधरीचं प्रतिज्ञापत्र सावकाश वाचलं. मोहाच्या टोपलीपाशी ते थांबले आणि तो भाग परत वाचला. नंतर समोरच्या व्यवस्थापकांना विचारलं, "तुमच्या संघात मेळघाटचे दोघं आहेत ना? त्यांच्या तारखा काय?"

व्यवस्थापकांनी हातातला कागद पाहिला. "एक जून," ते म्हणाले. "दोघांची."

"आणि तुमची?"

व्यवस्थापक कागदाची घडी करत म्हणाले, "माझी पण एक जूनच आहे, साहेब. पण मी खेळत नाही."

"मी पण खेळत नाही," वासेकर साहेब म्हणाले. "एक जुलैचा म्हणून मी तीस जूनला निवृत्त झालो. आमच्या कचेरीत त्या दिवशी इतके जण निवृत्त झाले की निरोप समारंभाला निरोप द्यायला कोणी उरलं नव्हतं. आम्हीच एकमेकांना शाली घातल्या." त्यांनी चष्मा काढून पुसला. "या तारखेवरून माणूस काढायचा म्हटला तर लीगचा तिसरा हिस्सा घरी पाठवावा लागेल, आणि मला त्यांच्यासोबत जावं लागेल. शाळेचा दाखला खरा आहे, पहिलीपासून एकच आहे. लीगचा नियम दाखल्यावर चालतो. पिचर खेळेल."

पण साहेबांचं संपलं नव्हतं. लीगच्या खेळाडूबद्दल जाहीरपणे शंका निर्माण केली म्हणून कॅचरनं एक सामना बाहेर बसायचं, असं त्यांनी सांगितलं. कुलदीप "हो साहेब" म्हणाला. खोलीत ज्याच्या तारखेबद्दल कोणालाच शंका नव्हती असा एकटाच माणूस होता, आणि शिक्षा त्याला झाली.

तो सामना कुलदीपनं बाकावर बसून पाहिला. केरळचा एक राखीव कॅचर त्याच्या जागी बसला होता. इसरू त्या दिवशी त्या सबंध मोसमातला सगळ्यात चांगला खेळला. त्या कॅचरनं जे बोट दाखवलं त्याला त्यानं मान खाली केली, एकदाही आडवी नाही. कुलदीपला आधी वाटलं, हरलो तरी चालेल. मग तसं वाटल्याची लाज वाटली. शेवटच्या डावात इसरूनं तो वळणारा चेंडू टाकून फलंदाजाला गुडघ्यावर आणलं, तेव्हा बाकावरून सगळ्यात आधी उठला तो कुलदीपच. सुजलेल्या हातानं टाळी नीट वाजली नाही.

"त्या केरळवाल्याचे बोटं लांब हाये," इसरू नंतर म्हणाला. "लवकर दिसते."

"मंग त्याच्याचकडे टाक."

"तो बोलत नाई," इसरू म्हणाला. "कंटाळा येते."

दख्खन लीग दोन हिवाळे चालली. तिसऱ्या हिवाळ्यात ती सुरू झाली नाही. बंद झाल्याचंही कोणी कळवलं नाही. निकेशनं नागपूरला लग्नाचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली आणि त्यात त्याचं बरं चाललं. इसरू खेळाडूंच्या जागेवर वनरक्षक झाला. उराडे सरांचा फळा शेवटी एकाला तरी लागू पडला. इसरूची नेमणूक आलापल्लीच्या जंगलात आहे. कुलदीप घुग्घुसला परतला आणि एका शाळेत खेळशिक्षक झाला. त्यानं मुलींचा बेसबॉल संघ काढला, कारण मुलींच्या स्पर्धेत जिल्हे आणखी कमी असतात. नंदिनी नावाची त्याची एक पिचर आहे, ती चांगली फेकते. दाखला तपासताना तिची तारीख एक जुलै दिसली तेव्हा कुलदीपनं काही विचारलं नाही. टाळ्याही वाजवायला लावल्या नाहीत.

श्रावणभाऊ आता निवृत्त आहेत. पानठेल्यावर कोणी जुना व्हिडिओ काढून 'खरा एक जुलै' म्हटलं की ते म्हणतात, "आता ते बोलत नाई तो."

गेल्या वर्षी विभागाच्या स्पर्धा गडचिरोलीला झाल्या. पंचांची कमतरता होती म्हणून आयोजकांनी वनखात्याकडून इसरूला मागून घेतलं. कुलदीप आपल्या संघाच्या मुलींना घेऊन मैदानात उतरला तर होमप्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या मागे इसरू उभा, पंचाची काळी टोपी घालून. पोट थोडं सुटलेलं. शेवटच्या डावात बरोबरी होती. कुलदीपची एक मुलगी धावत, घसरत प्लेटवर आली, धूळ उडाली आणि इसरूनं मूठ वर केली. बाद.

कुलदीप मैदानात धावला. "इसरू, पाय आधी लागला तिचा. साऱ्यायनं पाह्यलं."

इसरूनं मान आडवी हलवली.

"अरे, तू धुळीत कसा पाह्यला?"

"पाह्यलो."

"एकदा परत विचार कर."

इसरूनं विचार केला, म्हणजे तसा उभा राहिला. मग परत मूठ वर केली. कुलदीप बराच बोलला. इसरूनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी सांगितलं की आणखी बोलला तर मैदानाबाहेर पाठवावं लागेल. घुग्घुसच्या मुली पुढच्या चेंडूंवर हरल्या.

संध्याकाळी दोघं बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहा प्यायले. कुलदीप चहा संपेपर्यंत त्या पायाबद्दलच बोलत होता. इसरूनं आपला चहा पिऊन कप खाली ठेवला आणि मुलींसाठी डझनभर समोसे बांधून घेतले.

"पाय आधीच लागला होता," कुलदीप म्हणाला.

"गाडी लागली तुयी," इसरू म्हणाला.